दहा बाय बाराची खोली

१

लाकडी फरशीच्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं बाहेर मशीनवर पट्टी कापायची, दुसऱ्यानं आत गुडघ्यावर बसून ती ठोकायची. बारा वर्षं मी बाहेर आणि देवमन भाऊजी आत, असंच चालत आलं होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, पिंकीताईचा नवरा. आई-बाबा एका वर्षात गेले तेव्हा मी तिवशाला एका हॉटेलात कपबश्या विसळत होतो. भाऊजी स्वतः येऊन मला अमरावतीला घेऊन गेले. पुढची खोली दिली, धंदा शिकवला. माझं लग्न काही जमलं नाही, आणि त्यांच्या घरात मला त्याची कधी आठवणही झाली नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी चहा पिताना ते म्हणाले, “आज आकोल्याचं काम तू एकटाच करून ये. दहा बाय बाराची एक खोली हाय. माल अन् मशीन तिथं जाऊन पडले.”

“एकटा? अन् कापाले कोण?”

“तूच काप, तूच ठोक. मायी कंबर धरली.”

बारा वर्षांत त्यांची कंबर कधी धरली नव्हती. पण पन्नाशीच्या माणसाची धरू शकते, असं मी मनाला सांगितलं. ताईनं डबा दिला. पातोडीची भाजी केली होती, सणावाराची, तीही मधल्या वारी. डबा द्यायला ती फाटकापर्यंत आली. एरवी येत नाही.

बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटी साडेनऊला आकोल्यात पोचली. तेवढ्यातच डांबर मऊ झालं होतं. घर स्टेशनपलीकडच्या जुन्या कॉलनीत होतं, बैठं, समोर कडुनिंब. घरात एकट्या नसीमबानो राहत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सगळी कॉलनी त्यांना आपा म्हणते. मुलगी इफ्फत पुण्याला असते. काम तिनंच फोनवर ठरवलं होतं.

जाळीच्या दारातून आपांनी मला खालीवर पाहिलं.

“लाकडी फरशीवाला,” मी म्हणालो. “अमरावतीचा. अश्विन.”

“अश्विन तं येऊन गेले,” त्या म्हणाल्या. “पंधरा रोज झाले. माप घेऊन गेले न. उंच, चश्मेवाले.”

उंच आणि चष्मेवाले म्हणजे भाऊजी. मला हसू आलं.

“थे आमचे भाऊजी, आपा. नावाची गडबड झाली असंल. अश्विन मी.”

त्या हसल्या नाहीत. कडी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

“त्या खोलीचं सगळं सांगितलं तुमाले त्यायनं?”

सांगितलं काहीच नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर गिऱ्हाइकासमोर भाऊजी हलके पडले असते. मी म्हणालो, “हो. सांगितलं न.”

“तरी आले तुमी?”

“कामच हाय आमचं.”

आपांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि दार उघडलं.

२

खोली मागच्या बाजूला होती. एक खिडकी, तिला कूलर लावलेला. सामान काहीच नाही. मधोमध पट्ट्यांची खोकी, एकावर एक रचलेली. खाली साध्या पांढऱ्या टाइल्स, वीस वर्षांपूर्वीच्या असाव्यात. चांगल्या स्वच्छ होत्या, पण वापरातल्या वाटत नव्हत्या. बाकीच्या घरात येण्याजाण्याच्या वाटेवर टाइलची चकाकी गेली होती. इथं दारापासून भिंतीपर्यंत एकसारखी चकाकी होती.

“इथं कोणी झोपत नाही?” मी विचारलं.

“पाहुणे आले तंच झोपत. चौदा महिन्यांपासून थेही नाही,” आपा दाराबाहेरून म्हणाल्या. त्या उंबरठ्याच्या आत आल्या नाहीत. “इफ्फत म्हणते, अम्मी, आवाजच हाय न, लाकूड टाकून दे, दबून जाईल. मी म्हटलं, टाक.”

आवाज म्हणजे पोकळ टाइलचा, असं मी समजलो. वऱ्हाडात हे नेहमीचंच. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. घराच्या पोटात पोकळी होते आणि टाइलवर चाललं की डब्यासारखं वाजतं. पट्ट्या टाकायच्या आधी आम्ही सगळी जमीन हातोड्याच्या दांड्यानं ठोकून पाहतो. भरीव असली की ‘टक्’ येतं, पोकळ असली की ‘डब्’.

मी दारापासून ठोकत निघालो. टक्, टक्, टक्. खिडकीखालच्या भिंतीजवळ एका टाइलवर ‘डब्’ आलं. खात्री करायला पुन्हा ठोकलं. डब्.

आणि मग, मी हात वर घेतल्यावर, अजून एक.

मी हातातल्या दांड्याकडे पाहिलं. कूलरची मोटर असेल. मी उठून कूलर बंद केला. खोली एकदम गप्प झाली, आणि दोन मिनिटांत माझ्या पाठीवर घाम आला. मी दोनदा ठोकलं. डब्, डब्. थोडं थांबून खालून दोन आले. माझ्याइतकेच अंतर ठेवून.

पोकळीत आवाज घुमतो. विहिरीत घुमतो तसा. मी स्वतःला हे समजावलं, आणि ते पटण्यासारखंही होतं. एकच गोष्ट पटत नव्हती. घुमलेला आवाज मूळच्या आवाजापेक्षा हलका असतो. हे दोन जास्त जवळून आले होते.

तरी मी पट्ट्यांखाली घालायचा फोम अंथरला. कूलर चालू केला. भिंतीलगत बोटभर फट ठेवून पाचरी लावल्या आणि पहिली ओळ टाकली. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, म्हणून ही फट ठेवावीच लागते. नंतर वरून पट्टी मारून ती झाकतात.

३

दीड वाजेपर्यंत पाच ओळी झाल्या. प्रत्येक पट्टी बाहेर जाऊन कापायची, आत येऊन मागच्या पट्टीच्या खाचेत हिची जीभ बसवायची, ठोकळा लावायचा, तीन ठोके मारायचे. एकट्यानं काम जड जात होतं. शिवाय माझी एक सवय मोडत नव्हती. दर वेळी आत येताना वाटे, भाऊजी बसलेले असतील.

तीन ठोके मारले की खालून तीन येत. फोममुळे दबून, पण येत. चौथ्या ओळीपासून मी मोजणं सोडून दिलं होतं. मोजलं की हात थांबायचा.

पाचवी ओळ बसवताना मी एक ठोका मारला आणि मुद्दाम थांबलो. खालून एक आला. मग मी काहीच केलं नाही. खालून दुसरा आला. तिसरा आला. मग बराच वेळ काही नाही, जणू खालच्याचंही ऐकणं चाललं होतं.

मी हातोडा ठेवला, डबा घेतला आणि बाहेर कडुनिंबाखाली येऊन भाऊजींना फोन लावला. ते पहिल्याच रिंगला बोलले.

“झालं?”

“पाच ओळी झाल्या. भाऊजी, खिडकीखाली टाइल पोकळ हाय. उखडून भरून घेऊ का?”

“नको. उखडू नको.” ते घाईनं म्हणाले. “झाकून टाक. असते पोकळ. अजून फक्त ठोकूनच राहिलं न थे?”

कडुनिंबाखालीही गरम लू वाहत होती. फोन कानाला भाजत होता.

“काय ठोकून राहिलं?” मी विचारलं.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मी ठोकण्याचं तं बोललोच नाही, भाऊजी. मी पोकळ हाय म्हटलं.”

“थेच थे,” ते म्हणाले. “पोकळ म्हणजे ठोकल्यासारखंच वाजते न. तू काम पुरं कर. पुरं करूनच ये.” आणि फोन कापला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद होता. बारा वर्षांत भाऊजींचा फोन मला बंद लागलेला नव्हता. मी डबा न उघडता तसाच हातात धरून बसलो. आवाजाची भीती तोवर अशी बसली नव्हती. त्याला माती होती, पोकळी होती, ऊन होतं. भाऊजींच्या फोनला असं काही कारण सापडेना.

४

तिथूनच परत निघता आलं असतं. माझी हत्यारं आत होती, म्हणून मी आत गेलो. निदान मी तेच कारण धरलं.

खोलीत वीज गेली होती. कूलर थांबलेला. पडद्यामुळे उजेड तपकिरी होता. बसवलेल्या पाच ओळी ठीक दिसत होत्या, नवीन लाकडाचा वास येत होता. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं.

पहिल्या ओळीच्या फटीत मी सहा पाचरी ठोकून बसवल्या होत्या. त्या आता फटीत नव्हत्या. पट्टीवर होत्या, एका रेषेत, सारख्या अंतरानं मांडलेल्या. मी एक उचलली. तिचं खालचं टोक ओलं होतं.

बाहेर शेहेचाळीस अंश तापमान. वर खिडकीतली कूलरची टाकी आणि माझा सदरा सोडला, तर त्या घरात त्या वेळी दुसरं काही ओलं नसणार.

मी वाकलो. फोनचा उजेड फटीत टाकला. फोमची कड दिसली, टाइलची कड दिसली. आणि मग त्या बोटभर फटीत, डाव्या कोपऱ्यातून, काहीतरी सरकत आलं. चार. शेजारी शेजारी. आंधळा माणूस भिंत चाचपत येतो तसं पुढे येत होतं, थोडं थांबत, पुन्हा सरकत. माझ्या गुडघ्यासमोर आल्यावर ते थांबलं. नखं असावीत. मला नखं वाटली.

“कोण?” खालून आलं.

आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. मी तोंड दाबून धरलं. बराच वेळ गेला. मग तेच, पाठ करून ठेवलेलं म्हणावं तसं, अक्षर अक्षर सुटं करून म्हणालं, “अश्-विन.”

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. आपा पुढच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या, पाय वर घेऊन.

“नाव घेतलं?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“पंधरा रोजपासून थेच घेऊन राहिलं. पहिले नुसतं विचारत होतं, कोण, कोण. चौदा महिने मी नाही सांगितलं, बेटा. नमाज पढत राहिली, पण नाव नाही सांगितलं.” त्यांनी ओढणी नीट केली. “मग थे चश्मेवाले आले. माप घेऊन राहिले होते. मी त्यायले बाहेरूनच म्हटलं, खालून काही विचारलं तं बोलू नका. तेवढ्यात त्यानं विचारलं. तीनदा विचारलं. हे गप्प होते. मग म्हणाले, अश्विन.”

“तुमाले वाटलं त्यायचं नाव अश्विन.”

“दुसरं काय वाटंल? कोणी दुसऱ्याचं नाव देते का?” त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. “सकाळी तुमी आले, म्हणाले अश्विन मी. म्हणून मी विचारलं, सगळं सांगितलं का तुमाले. तुमी हो म्हणाले.”

“म्हणालो,” मी म्हटलं.

“मले वाटलं तुमच्या मर्जीनं आले.”

मी हत्यारं तिथंच सोडली.

५

परतीच्या एसटीत मी भाऊजींसाठी कारणं शोधत होतो. मूर्तिजापूरपर्यंत तीन सापडली. माणूस घाबरला की तोंडाला येईल ते बोलतो. दिवसभर माझ्याशी बोलायची सवय, म्हणून माझंच नाव आलं. आणि तिसरं म्हणजे, आपांनीच नीट ऐकलं नसेल.

घरी पोचलो तेव्हा नुकती दिवेलागण झाली होती. भाऊजी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या दोन्ही पोरी, आकांक्षा आणि लहानी, पलंगावर पत्ते खेळत होत्या. ताई ओट्याशी भाकरी थापत होती. मला दारात बघून तिचे हात थांबले, आणि मग पुन्हा थापायला लागले. कोणी ‘आलास का’ म्हटलं नाही.

“तुमी तिथं मायं नाव कावून सांगितलं, भाऊजी?”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

“चुकून निंगालं न तोंडातून?” मीच म्हणालो. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी मी जेवायला बसलो असतो.

“नाही,” ते म्हणाले. “पयल्यांदा इचारलं तवा वाटलं, आपाच इचारून राहिल्या. तिसऱ्यांदा समजलं कोण इचारून राहिलं थे. पाय उचलत नव्हता माया. सांगितल्याशिवाय सोडणार नाही, एवढं समजलं.”

“मंग सोताचं सांगायचं होतं.”

“मले दोन पोरी हायेत, अश्विन.” एखादं माप सांगावं तसं ते बोलले, चढ्या आवाजात नाही, खाली मान घालूनही नाही. “तुयामागं कोण हाय?”

मी पोरींकडे पाहिलं. आकांक्षाचं नाव शाळेत मी घातलं होतं. लहानी दोन वर्षांची असताना तापानं फणफणली, तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन मी रात्रभर उभा होतो, कारण बसलं की ती रडायची. हे मागं कोणी असणं नव्हतं, असं मला आता कळलं.

“ठीक हाय,” मी म्हणालो. “भेलात तुमी. पण मंग आज मले तिथं कावून धाडलं?”

भाऊजी खिडकीकडे बघायला लागले. उत्तर ओट्याकडून आलं. ताईची पाठ होती माझ्याकडे.

“इथं याले लागलं होतं थे,” ती म्हणाली. “तुले धुंडत. रोज दिवस निंगायच्या पयले. पोरीइच्या पलंगाखाली ठोकते अन् तुयं नाव घेते. तू उन्हाळाभर गच्चीवर झोपते, तुले कुठं ऐकू येते.”

“मले सांगितलं नाही ताई तू.”

“काय सांगू?” तव्यावरची भाकर जळायला लागली होती. ती तिनं उलटली नाही. “आमाले वाटलं, तूच तिथं गेला तं थ्याले इथं याचं काम पडणार नाही.”

लहानी हातातले पत्ते लावत होती.

त्या घराची फरशी शहाबादी आहे, जाड, भरीव. बारा वर्षांत मी तिच्यावर कितीदा तरी झोपलो, जेवलो. ती कधी वाजली नव्हती. त्या वेळी ती वाजली. पलंग आणि माझ्यामध्ये, खालून, तीन.

ताईनं गॅस बंद केला आणि दोन ढांगांत पलंगावर चढली. आकांक्षानं न सांगता पाय पोटाशी घेतले, लहानीनं तिचं बघून घेतले. भाऊजींनी खुर्चीवर मांडी घातली. हे सगळं गडबड न होता झालं, रोजचा देवदिवा लावावा तसं. मला दिसलं की या चौघांना याचा सराव आहे. माझ्याशिवाय त्यांनी तो पंधरा दिवस केला आहे.

खोलीत जमिनीवर मी एकटाच उभा होतो.

पलंगावर जागा होती. पायथ्याशी एका माणसापुरती होती. मी ताईकडे पाहिलं. तिनं पोरींचे पाय पदराखाली ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा हातातच ठेवला होता, घातला नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना खोलीच्या या टोकाचं दिसत नाही.

खालून या वेळी ‘कोण’ असं आलं नाही. नाव आलं, आणि आता ते सुटं सुटं नव्हतं. घरातल्या माणसानं घ्यावं तसं सरळ आलं. माझ्या तळव्यांखालची शहाबादी थोडी वर उचलली गेली.

“मामा, वर ये न,” आकांक्षा म्हणाली.

ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.